बायादेर आणि मागची रांग



बिडी कामगारांची संघटना चालविणारा मनुष्य रशियन बॅलेवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ते साहजिक आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि मोर्चांत. नृत्यशास्त्र आम्हांला कळत नाही. परंतु एखाद्या कामात किती माणसे राबतात, त्यांतले कोण पुढे दिसते आणि कोण मागे राहते, एवढे पाहण्याची सवय आम्हांला लागलेली आहे. त्याच डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आज सांगावयाची आहे.

2019 च्या शरदात आम्ही अमेरिकेत, बर्कलीला भाचीकडे गेलो होतो. ती तेथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करीत होती. त्याच सुमारास सेंट पीटर्सबर्गची मारिन्स्की बॅले मंडळी आपला वाद्यवृंद घेऊन विद्यापीठाच्या झेलरबाख सभागृहात आली. हीच मंडळी सोव्हिएत काळात किरॉव्ह या नावाने गाजलेली. सभागृह 1968 साली उघडलेले, सुमारे दोन हजार आसनांचे. आणि 1964 साली विद्यार्थ्यांनी जेथे भाषणस्वातंत्र्याची चळवळ केली तो चौक तेथून चार पावलांवर. आपल्याकडे विद्यापीठ म्हटले की परीक्षा आणि पदवीदान. तेथे प्राध्यापक, पाठीवर पिशवी अडकवलेली पोरे आणि गावातले म्हातारेकोतारे एकाच दारातून नाच पाहावयास जात होते, हे आम्हांला फार आवडले. तिकिटाची किंमत भाचीने सांगितली नाही. आम्हीही दुसऱ्यांदा विचारले नाही.

खेळ होता ‘ला बायादेर’. बायादेर म्हणजे काय हे आम्ही तिला विचारले. तिने सांगितले, मूळ शब्द पोर्तुगीज, बायलादेइरा, म्हणजे नाचणारी. गोव्याच्या देवळांत नाचगाणे करणाऱ्या स्त्रियांना पोर्तुगीज तसे म्हणत. फ्रेंचांच्या तोंडी त्याचे बायादेर झाले. म्हणजे सात समुद्र ओलांडून आम्ही जाऊन बसलो कोठे, तर देवदासीच्या खेळाला!

कथा थोडक्यात अशी. निकिया ही देवळातली नर्तकी, सोलोर हा योद्धा. दोघांनी पवित्र अग्नीसमोर आणाभाका घेतलेल्या. राजाला आपली मुलगी सोलोरला द्यावयाची आहे. शिवाय देवळाचा मुख्य ब्राह्मण निकियावर लुब्ध. शेवटी फुलांच्या करंडीतून नाग निघतो आणि निकिया मरते. राजाचे नाव दुग्मंता. आमचा दुष्यंत वाटेत कोठेतरी पडझड होऊन तेथवर पोहोचला असावा. निकिया आणि सोलोर ही नावे कोणत्या मुलखातली, देव जाणे. मारियुस पेतिपाने हे बॅले 1877 साली पीटर्सबर्गमध्ये बसविले, संगीत मिंकुसचे. युरोपला आमच्या देवदासीचे वेड त्याहून जुने होते. पॅरिसच्या ऑपेरात 1830 सालीच एक बायादेर नाचून गेली होती. पाँडिचेरीजवळच्या देवळातल्या खऱ्या नर्तकी त्या शहरात पोहोचल्या त्या 1838 साली. आधी चित्र रंगले, मग माणसे आली.

पहिले दोन अंक आम्हांला राग येत होता, हे कबूल केले पाहिजे. आमच्या संघटनेत यल्लम्माला सोडलेल्या बायका आहेत. 1934 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, 2005 साली महाराष्ट्राने पुन्हा केला. तरी म्हातारपणी शे-दोनशेसाठी अर्ज घेऊन त्यांना कोणत्या कचेरीच्या पायऱ्या कितीदा चढाव्या लागतात, ते आम्ही बरोबर चढून पाहिले आहे. "देवदासी असल्याचा दाखला आणा," असे एका साहेबाने एकीला सांगितले. तिच्या गळ्यात दर्शन होते. ते त्याला दिसले नाही. आणि येथे आपले रेशमी राजवाडे, सोन्याने मढविलेली नाचणारी मूर्ती, टाळ्या. भाचीने आमच्या तोंडाकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "मामा, तिसरा अंक बघा, मग बोला."

तिसऱ्या अंकात शोकाने वेडा झालेला सोलोर अफू ओढतो आणि त्याला मृतांचा लोक दिसतो. रंगमंच काळोखा. मागच्या बाजूस एक उतार. त्यावरून पांढऱ्या पोशाखातली एक मुलगी येते. एका पायावर उभी राहून दुसरा पाय मागे उंच करते, पुढे झुकते, मग सावरून मागे रेलते, दोन पावले टाकते. पुन्हा तेच. तिच्या मागून दुसरी, मग तिसरी. अशा बत्तीस. पेतिपाच्या वेळी अठ्ठेचाळीस होत्या म्हणतात. उतार वळणावळणाने उतरावयाचा आणि प्रत्येकीने एकच हालचाल, एकाच उंचीवर, एकाच क्षणी. जी सर्वांत आधी येते तिला ती सर्वांत जास्त वेळा करावी लागते. कोणाचे नाव नाही, कोणाचा चेहरा लक्षात राहत नाही. एकीचा पाय थरथरला तर साऱ्या रांगेचे काम वाया. आमच्याकडे हजार बिड्यांत चार वाकड्या निघाल्या तर छाट म्हणून बाजूला काढतात. येथे छाट काढण्याची सोयच नाही. दोन हजार माणसांत एक खोकला आला नाही. आमचा राग केव्हा गेला ते आम्हांला कळले नाही.

या मुली दहाव्या वर्षाच्या आसपास शाळेत जातात आणि आठ वर्षे शिकतात. ती शाळा 1738 सालची, बादशाही अमलातली. झारच्या काळात नर्तकी ही दरबारची नोकर असे, आणि वीस वर्षांनी तिला पेन्शन मिळे. पेन्शन हा शब्द वाचला की आम्ही पुस्तक बाजूला ठेवू शकत नाही. म्हणून परत आल्यावर आणखी वाचले, आणि हाती जे लागले त्याने आम्ही उडालोच.

1905 च्या ऑक्टोबरात रशियाभर संप पेटला, तेव्हा याच नाट्यगृहातले नर्तकही सभा घेऊन बसले! त्यांनी बारा प्रतिनिधी निवडले. त्यांत फोकिन, कार्साविना, आणि 1902 साली याच बॅलेत निकिया नाचलेली पावलोवा. मागण्या अशा: आमचे व्यवस्थापक आम्ही निवडू, पगाराच्या वाटपात आम्हांला बोलू द्या, घरी बसविलेल्या म्हाताऱ्या पेतिपाला परत आणा. व्यवस्थापनाने जुनाच डाव टाकला, निष्ठापत्रावर सह्या घेतल्या. सेर्गेई लेगात नावाच्या नर्तकाने सही केली, आणि सोबत्यांना दगा दिला या घालमेलीत वस्तऱ्याने गळा कापून घेतला. झारच्या जाहीरनाम्यामुळे बहुतेक पुढाऱ्यांच्या नोकऱ्या वाचल्या; मागण्या मात्र तशाच राहिल्या. सही करून मान खाली घालून फिरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, त्यामुळे या लेगातवर आमच्याने रागावता येत नाही.

2022 साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि पश्चिमेकडील बहुतेक नाट्यगृहांची दारे या मंडळींना बंद झाली. ते का झाले हे आम्हांला समजते, आणि युक्रेनच्या माणसांचे दुःख त्या दारापेक्षा फार मोठे आहे. तरीही त्या रांगेतल्या पोरी अधूनमधून आठवतात.

परत आल्यावर संघटनेच्या ओसरीत आम्ही हे सारे बायकांना सांगितले होते. सूप मांडीवर घेऊन त्या बिड्या वळीत होत्या. बत्तीसजणींचा उतार आम्ही हाताने करून दाखविला, खूप हसल्या. त्यांत एक जोगतीण आहे, सत्तरीची. तिने हात न थांबविता विचारले, "अण्णा, त्या संपवाल्यांचं पुढं काय झालं? मागण्या मिळाल्या काय?"

नाही, म्हणालो.

"पर म्हातारा आला का परत?"

तोही नाही आला, म्हणालो. तिने विडीचे तोंड मुडपले आणि दुसरे पान उचलले.