मृग लागतो तेव्हा मृग कुठे असतो?



रोहिणी सरत आली. ७-८ जूनला मृग लागेल. बियाणं घरात येऊन पडलं आहे, पंचांगात मृगाचं वाहन कोणतं तेही पाहून झालं असेल. पण आज रात्री अंगणात उभं राहून आभाळात मृग शोधाल, तर तो सापडणार नाही. पहाटेपर्यंत जागलात तरी नाही. ज्याच्या नावानं सगळा महाराष्ट्र पेरणीला लागतो, ते नक्षत्र नेमकं याच दिवसांत दिसत नाही.

थंडीत तुम्ही ते नक्की पाहिलं आहे. चौकोनाचे चार ठळक तारे म्हणजे मृगाचे पाय, मधे एका ओळीत तीन तारे म्हणजे पोटात रुतलेला बाण, आणि त्याच रेषेत पुढे लखलखणारा व्याध. चौकोनातला काक्षी तांबूस, तर समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. डिसेंबरच्या मध्याला हा मृग सूर्य मावळताना उगवतो. एप्रिलात दिवेलागणीलाच तो पश्चिमेला कललेला असतो आणि मे महिन्यात संधिप्रकाशात बुडून जातो.

कारण प्रत्येक तारा रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी करते. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या वाटेवर जवळपास २५ लाख किलोमीटर पुढे गेलेली असते. सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी चार मिनिटं फिरावं लागतं. रोजची चार मिनिटं म्हणजे महिन्याला दोन तास, आणि सहा महिन्यांत रात्रीचं आभाळ दिवसाकडे जातं.

खळ्यात तिवड्याभोवती मळणीचे बैल ज्यांनी हाकले असतील त्यांना हे लगेच उमगेल. बैलांमागून चालताना तिवड्याच्या पलीकडे आधी कडुनिंब दिसतो, मग विहीर, मग घर. तिवडा तिथंच असतो, फिरतो आपण. सूर्याचंही तसंच. आपल्या फिरण्यामुळे वर्षभरात तो २७ नक्षत्रांतून सरकताना दिसतो, एकेका नक्षत्रात १३-१४ दिवस. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृगाच्या विभागात आला. तेव्हा मृग असतो भर दुपारी, डोक्यावरून किंचित दक्षिणेला, उजेडात हरवलेला. म्हणूनच वटपौर्णिमेची तारीख दरवर्षी बदलते, पण मृगाची जवळपास बदलत नाही. शेतकऱ्याचं हे कॅलेंडर चंद्रावर नव्हे, पृथ्वीच्या फेरीवर चालतं.

याच दिवसांत मध्यरात्री दक्षिणेला वृश्चिकातला लालसर ज्येष्ठा तारा बघा. सूर्याच्या बरोबर समोरची बाजू ती. पौर्णिमेचा चंद्र सूर्यासमोरच असतो, म्हणून ज्येष्ठी पौर्णिमेला तो या ताऱ्याच्या आसपास येतो. मृगापाशी पूर्ण चंद्र पाहायचा तर दत्तजयंतीपर्यंत थांबायला हवं.

मृगाची तारीख ‘जवळपास’ बदलत नाही असं म्हटलं, कारण पृथ्वीचा कललेला आस स्वतःच सुमारे २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा २० मिनिटांनी मोठं ठरतं. साधारण ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक. संक्रांतही ताऱ्यांवरूनच ठरते, म्हणून तीही अशीच सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३च्या मकरसंक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. आज संक्रांत १४ किंवा १५ला येते. लोकमान्य टिळकांनी १८९३च्या ‘ओरायन’ या ग्रंथात वेदांचा काळ ठरवला तो याच हिशेबानं. वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा, मृगात असतानाच्या खुणा त्यांना वैदिक वाङ्मयात दिसल्या होत्या.

पाऊस ऋतूंबरोबर येतो आणि मृग मात्र हळूहळू पुढे सरकतो आहे. आणखी दोन हजार वर्षांनी तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल. जूनच्या पहिल्या पावसावर पेरणारे तेव्हाचे शेतकरी कृत्तिका कधी लागते ते विचारतील.