कोश नव्हे, पेटी



शलमोनाचं मंदिर कोणी पाडलं, दुसरं रोमनांनी इ.स. ७० मध्ये कसं जाळलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. निदान मला तसं धरून चालू द्या. थेट माझ्या हट्टावर येतो. त्या मंदिरातल्या वस्तूंची हिब्रू नावं माजघरातली आहेत. त्यांना सोवळं नेसवलं ते भाषांतरकारांनी.

'आरोन' घ्या. मराठी बायबलात तो 'कराराचा कोश'. अहो, आरोन म्हणजे पेटी! मिसरात योसेफाचं शव ठेवलं ते आरोनात. योवाश राजाच्या वेळी मंदिराच्या डागडुजीसाठी यहोयादा याजकानं एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीशेजारी ठेवली. तीही आरोनच, म्हणजे दानपेटी. (हशा) येताना दाराशी तुमचीही पाहिली. समितीनं गैरसमज करून घेऊ नये.

मागं एका श्रोत्यांनी चिठ्ठी धाडली होती, 'तुमचं हिब्रू कोशातलं.' खरं आहे. कोशातलंच आहे, पेटीतलं नाही. (हशा)

आता 'कियोर', याजकांचं हातपाय धुण्याचं पितळी भांडं. इथं मराठी भाषांतरकाराला दंडवत. त्यानं 'गंगाळ' लिहिलं. आमच्या आजीचं गंगाळ होतं, दोन कड्यांचं, एका अंगाला पोचा आलेलं. एरवी न्हाणीघरात. पण घरात कार्य निघालं की तेच चिंचेनं घासून पंगतीच्या पाण्याला. धाकट्या काकूनं एकदा नाक मुरडलं, तर आजी म्हणाली, "घासलं की झालं." पुढं त्या दोघी चार दिवस बोलत नव्हत्या, पण ते असो. बायबलात शिलोच्या देवस्थानात याजकाचा चाकर शिजत्या मांसात काटा खुपसतो, तिथल्या भांड्यांच्या यादीत पहिलंच नाव कियोर! घासलं की झालं.

आणि मेनोरा, मंदिरातला दीपवृक्ष? शुनेमच्या बाईनं अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर खोली केली. तिथं तिनं पलंग, मेज, खुर्ची आणि एक मेनोरा ठेवला. पाहुण्याच्या खोलीतला दिवा, बस्स.

वेदीचा शब्द 'मिझबेआख', म्हणजे बळी कापण्याची जागा. धूप जाळायच्या वेदीलाही तेच नाव, जिथं काहीच कापत नसत. हा शब्द माझ्या बाजूनं साक्ष देत नाही. पुढं चला.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दोनच मिनिटं, आणि कोशावरचं 'दयासन' राहिलंय! आसन तिथं नव्हतंच. लूथरनं जर्मनमध्ये कृपेचं आसन केलं, टिंडेलनं इंग्रजीत तेच गिरवलं, आणि ते आपल्याकडं आलं. मूळ 'कप्पोरेत' म्हणजे पेटीवरचा सोन्याचा पत्रा. काही पंडित म्हणतात प्रायश्चित्ताचं स्थान, काही म्हणतात झाकण. मी झाकणवाला.

आणि जाताना लाल देवळावरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, जाणार असाल, तर तो मनोरा मान वर करून जरूर पाहा. १८६७ सालच्या त्या भक्कम वास्तूचं नाव ओहेल दावीद. ओहेल म्हणजे तंबू.