जर्मनीत घर भाड्याने घेताना

नोकरीनिमित्त म्युनिक किंवा स्टुटगार्टला सहकुटुंब निघाला असाल, तर घराची जाहिरात नीट वाचायला शिका. तिथे 'तीन खोल्या' म्हणजे दिवाणखाना धरून तीन. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्यात मोजत नाहीत. म्हणजे आपल्याकडचा टू बीएचके. स्वयंपाकघरही अनेकदा रिकामंच मिळतं. भिंतीतून पाण्याचे नळजोड तेवढे बाहेर आलेले असतात. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं आधीचा भाडेकरू उचलून नेतो. लहान मुलं बरोबर असतील तर 'आइनबाउक्युशे', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर असलेलंच घर शोधा. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाड्याचे आकडे दोन. 'काल्टमीटे' हे नुसत्या जागेचं भाडं. 'वार्ममीटे'त बहुधा हीटिंग, पाणी, कचरा धरलेला असतो, वीज मात्र सहसा वेगळी. अनामत काल्टमीटेच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. 2015 पासून दलाली, ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची. घर न दाखवता आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक युरोही पाठवू नका!

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं. किल्ल्या घेतानाच ते मागून घ्या.