गौण विषय आणि जगाचे भान



विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात पदवीच्या मुख्य विषयाला गौण विषयाची जोड आली. तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी २४ त्याचे. ते कशाला द्यावेत, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. तो शिक्षणाच्या हेतूचा आहे. त्या जागी ‘जागतिक अभ्यास’ घेण्यास सबळ कारण आहे.

आंतरराष्ट्रीय राजकारण हा विषय प्रामुख्याने राष्ट्रांचे तह आणि युद्धे पाहतो. माल, भांडवल, माणसे आणि रोगराई सीमा ओलांडून कशी फिरतात, त्यातला नफा कोणाच्या पदरी व भार कोणाच्या माथी पडतो, हे जागतिक अभ्यास पाहतो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. खेड्यापाड्यांत सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज मात्र राहिले आणि सरकारने साराही वाढवला. मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. हा उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारला १८७९ मध्ये शेतकरी संरक्षणाचा कायदा करावा लागला. केवळ स्थानिक इतिहास वाचणाऱ्याला यात सावकार दिसतो, केवळ अमेरिकेचा वाचणाऱ्याला लिंकन. दोहोंना जोडणारा धागा दाखवणे हे या विषयाचे काम.

तो धागा अजून तुटलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. त्याच महिन्यात अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. दोन्ही निर्णय दूरच्या राजधान्यांत झाले. त्यांची झळ कोणाला लागते, हे यवतमाळच्या कापूस उत्पादकाच्या मुलाला कळायला नको काय?

मग हा मुख्य विषयच का असू नये? एका शास्त्राची पक्की बैठक नसेल, तर जगाविषयीचे बोलणे पोकळ ठरते. डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र मुख्य ठेवले. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र अभ्यासले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा १९२३ चा ग्रंथ चलनव्यवस्थेचा आहे. पण भाववाढीत मजुरीची किंमत कशी घटते, याकडे त्याची नजर आहे.

धोका वेगळाच आहे. सधन घरच्या मुलांसाठी हा विषय परदेशी प्रवेशअर्जाचे भूषण बनेल आणि तालुक्याच्या महाविद्यालयात ‘शिक्षक नाहीत’ या सबबीखाली यादीतही येणार नाही. म्हणून विद्यार्थी कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धराव्यात : विषय ग्रामीण महाविद्यालयांत मिळावा, मराठीतून मिळावा आणि त्याचा आरंभ त्या भागातल्या पिकापासून, कारखान्यापासून व्हावा. ज्याच्या घामाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, त्याला तो बाजार समजून घेण्याचा पहिला हक्क आहे.