लोकवर्गणीचा कॉम्प्युटर

(अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



1848 साली जोतीराव याच नगरात मिस फरारबाईंची मुलींची शाळा बघायला आले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात शाळा काढली. सावित्रीबाई फरारबाईंकडं शिकल्या. तेव्हाचं यंत्र म्हणजे पाटी-पेन्सिल. तेवढंही आपल्या हाती पडू नये म्हणून धर्म आडवा आला. आज पैसा आडवा येतो. आणि पैसा कुणाच्या घरात जाणार, हे जातीनं आधीच ठरवून ठेवलंय.

2015 ला सरकारनं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ काढला. झेडपीच्या शाळा डिजिटल होऊ लागल्या. पैसा कुठला? बराचसा लोकवर्गणीचा! आता सांगा, वर्गणी जमणार कुठं? जिथं पाटाचं पाणी, ऊस आणि बंगले, तिथं. लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला. पुढं त्याच गावात मेडिकल, इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. पण ऊस तोडणारा पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा. मुकादमाची उचल फेडता फेडता त्याचा जन्म जातो. तो वर्गणी देणार कशातनं? दिवाळी झाली की त्याचं पोरगं फडावर, आणि शाळेतला स्क्रीन भिंतीवर.

2020 ला शाळा बंद झाल्या. शिक्षण फोनवर आलं. सरकारच्याच 2017-18 च्या पाहणीत देशातल्या खेड्यांत कॉम्प्युटर 4.4 टक्के घरांत, शहरांत 23.4. इंटरनेट खेड्यांत 14.9 टक्के घरांत. हे ठाऊक असून शाळा फोनवर भरवली. घरात फोन एक. तो बापाच्या खिशात, आणि बाप फडात. उरलाच वेळ तर आधी भाऊ, मग बहीण.

2009 चा शिक्षणहक्क कायदा उघडून बघा. परिशिष्टात भिंत आहे, मैदान आहे, संडास, पाणी, वाचनालय आहे. वीज नाही. कॉम्प्युटर नाही. हक्कात नाही म्हणून दानात आला. दान आलं की पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन, त्याच्या नावाची पाटी आणि आपल्या पोरांच्या टाळ्या. पुढं बिल थकतं, वायर तोडतात, मशीन कपाटात जातं.

केरळात हॉस्टेलातली एक पोरगी मोबाईलबंदीविरुद्ध कोर्टात गेली. 2019 ला हायकोर्टानं सांगितलं, इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. एक पोरगी लढली. आपण किती जण आहोत?

शहरातल्या दोस्तांनो, जुना लॅपटॉप वस्तीवर देऊन फोटो काढू नका. तीही वर्गणीच. गावी जाल तेव्हा शाळेत शिरा. विचारा : वीज आहे का? बिल कोण भरतं? मशिनं किती, त्यातली चालू किती? यू-डायसच्या फॉर्मात काय भरून पाठवलं? ते सगळं ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. तिथं ऐकलं नाही तर पंचायत समितीवर मोर्चा न्या.

मागणी एकच. साखरशाळेसकट प्रत्येक शाळेत वीज आणि कॉम्प्युटर, सरकारी खर्चानं, कायद्यात लिहून. बापाची ऐपत बघून नाही.

जय भीम!