कुंपण नसलेल्या तुरुंगाच्या गावी



तुरुंग आणि त्याचे पर्याय यांवरच्या नव्या पुस्तकांची चर्चा पुण्या-मुंबईत न ठेवता आटपाडीत का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर शेजारीच आहे, स्वतंत्रपूर. १९३९ साली औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांनी तिथे कैद्यांना भिंतीवाचून ठेवलं. शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. याच प्रयोगावरून माडगूळच्या गदिमांना कथा सुचली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला.

आज चर्चेला असलेल्या पुस्तकांत डॅनिएल सेरेड यांचं ‘अंटिल वुई रेकन’ (२०१९) मला फार मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये त्या हिंसक गुन्ह्यांतल्या आरोपींसाठी तुरुंगाला पर्याय चालवतात, पण ज्याला मार बसला त्याची संमती असेल तरच. विचारलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक तुरुंगाऐवजी हाच मार्ग निवडतात, असं त्या लिहितात. आपण मात्र पीडिताच्या नावाने कठोर शिक्षा मागतो आणि त्याला काय हवं ते विचारतच नाही.

सुधा भारद्वाज यांच्या ‘फ्रॉम फाशी यार्ड’मध्ये (२०२३) येरवड्याच्या तुरुंगातल्या ७६ बायकांची शब्दचित्रं आहेत. ती वाचताना मला एक आई आठवली. तालुका कोर्टात मी चाळीस वर्षं वकिली केली. तिच्या पोराचा जामीन मंजूर झाला होता, जामीनदार मिळत नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा घेऊन ती रोज व्हरांड्यात बसायची. जमीन दिराच्या नावावर, आणि दीर सहीला येईना. ज्याला कोर्टाने सोडलं होतं, तो पोरगा आणखी पाच महिने आत राहिला. त्या पाच महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं.

तुरुंगाला पर्याय आपल्या कायद्यातही आहेत. परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) कायदा १९५८ पासून आहे. २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षाही आणली. हे पर्याय वापरायला लोकमत लागतं, आणि लोकमत आपल्या भाषेतल्या वाचनातून तयार होतं. म्हणून इथे जमलेल्या अनुवादकांना आणि प्रकाशकांना माझी हात जोडून विनंती आहे: जाण्यापूर्वी यातलं निदान एक पुस्तक मराठीत आणायचं नक्की करा.