घरातला गुन्हा आणि घरातली माणसे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी निवडलेला विषय वर्धापन दिनाला शोभत नाही असे काहींना वाटेल. घरातल्या माणसाने मोठा गुन्हा केला आणि तो आपल्याला कळला, तर पोलिसांत सांगायचे की नाही? पण हर्सूलला हा विषय परका नाही. मध्यवर्ती कारागृह आपल्याच गावात आहे. मुलाखतीसाठी पिशवी घेऊन आलेल्या आया-बहिणी आपण वर्षानुवर्षे बघतो. त्यांच्यातल्या कितीजणींना आधीच ठाऊक होतं, हे त्यांनाही कुणी विचारत नाही आणि त्या सांगतही नाहीत.

कुणी मोबाईल चोरला, कुणी दारू पिऊन भांडला, त्याबद्दल मी बोलत नाही. खून, बलात्कार, लेकरावर अत्याचार, अशा गुन्ह्यांबद्दल बोलते आहे.

आईचं मन काय म्हणतं ते सांगायला नको. पोटचा गोळा आहे, झाकून घ्यावा. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनियर गेले. पुढे पोलिसांनी आरोप ठेवला तो असा, की मुलाच्या रक्ताच्या नमुन्याच्या जागी आईचं रक्त ठेवलं गेलं आणि गुन्हा अंगावर घे म्हणून ड्रायव्हरवर दबाव आणला. वडील, आजोबा, आई, तिघांनाही अटक झाली. आरोपांचा न्याय न्यायालय करील. पण बघा, एका मुलाला वाचवायला निघालेलं सगळं घरच गजाआड गेलं. तीन माणसांपैकी एकालाही त्या रात्री "चल, आपण जाऊन सांगू" असं म्हणता आलं असतं.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच, आणि फार कडू. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६ या काळातल्या १३ मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांतल्या ९ मुलांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. रेणुकाचा नवरा किरण शिंदे याला सगळं ठाऊक होतं, तो त्यात सामीलही होता. पकडला गेल्यावर तो माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या साक्षीवर खटला उभा राहिला. अंजनाबाई खटल्याआधीच वारली. दोघी बहिणींना २००१ साली कोल्हापूरच्या न्यायालयाने फाशी दिली. दयेच्या अर्जावर सरकारने लावलेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. म्हणजे घरातला माणूस शेवटी बोललाच. पण बोलला तो स्वतःची मान सोडवायला, आणि तोवर ती लेकरं गेली होती. त्याने पहिल्या मुलाच्या वेळी तोंड उघडलं असतं तर? हा प्रश्न त्या आईबापांनी किती वेळा स्वतःशी विचारला असेल.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न "तो माझा कोण" हा नसावा. आज, या क्षणी, त्याच्यापासून कुणाला धोका आहे का, हा असावा.

हे सर्वांत जास्त लागू पडतं ते घरातल्या लेकरांना. काका, मामा, आतेभाऊ, कधी सख्खा बाप. पोरगी सांगते, आणि घरात बैठक बसते. "घरातली गोष्ट घरात राहू द्या, पोरीचं लग्न व्हायचंय." असा शहाणपणा सांगणारे नातेवाईक मला मुळीच शहाणे वाटत नाहीत, कारण तो माणूस त्याच घरात जेवायला बसणार असतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचे आहे. नाते त्यात सूट देत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातील प्रकरणात एका डॉक्टरवर माहिती असून कळवलं नाही म्हणून गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा जिवंत केला. मुलीचं नाव कुठे छापता येत नाही, आणि तिचा जबाब घ्यायला पोलिसांनी गणवेशात यायचे नसते, हेही त्याच कायद्यात आहे. मोठ्यांच्या बाबतीत म्हणाल तर खुनाची माहिती देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य म्हणून कायद्यात आहेच. गुन्हेगाराला घरात लपवण्याबद्दल नवऱ्याला किंवा बायकोला सूट आहे. आईला, बापाला, भावाला नाही. रक्ताचे कपडे धुऊन टाकले, कोयता विहिरीत फेकला, तर तो पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा, आणि त्यात बायकोलाही सूट नाही.

पण मला ठाऊक आहे की तुमच्या मनात दुसरंच काहीतरी आहे. पोलिसांत द्यायचं म्हणजे कुणाच्या हातात द्यायचं? डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जे आंदोलन झालं, त्यात पकडलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या विधी शाखेच्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांत हे कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे "सरळ ठाण्यात नेऊन सोडा" असं मी म्हणणार नाही. ही भीती खरी आहे.

अमेरिकेतल्या डेव्हिड काझिन्स्की यांची गोष्ट इथे सांगते. त्यांचा थोरला भाऊ टेड १९७८ ते १९९५ लोकांना टपालाने बॉम्ब पाठवत होता. ३ माणसे मेली, २३ जखमी झाली, आणि तो कोण हे पोलिसांना सापडेना. १९९५ मध्ये त्याचा लांबलचक जाहीरनामा वर्तमानपत्रात छापून आला. पहिली शंका आली ती डेव्हिडच्या बायकोला, जिने दिराला कधी पाहिलंही नव्हतं. डेव्हिडने भावाची जुनी पत्रे काढली, शब्दाला शब्द ताडून पाहिला. गप्प राहावं तर आणखी कुणीतरी मरणार, सांगावं तर भाऊ फासावर जाणार. शेवटी तो वकिलामार्फत गेला. एप्रिल १९९६ मध्ये टेडला पकडले तेव्हा त्याच्या झोपडीत एक तयार बॉम्ब होता. आपले नाव गुप्त ठेवण्याचा शब्द डेव्हिडला मिळाला होता, तो पाळला गेला नाही. सरकारने फाशीची मागणीही केली. डेव्हिड आणि त्यांची आई तिच्याविरुद्ध बोलत राहिले. अखेर जन्मठेप झाली. बक्षिसाचे दहा लाख डॉलर मिळाले, त्यातला खर्च आणि कर वजा जाता उरलेला पैसा त्यांनी बळी पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी दिला. डेव्हिड बौद्ध आहेत, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पुढे त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका तिबेटी बौद्ध मठाचा कारभारही पाहिला. त्यांनी भावाला पत्रे पाठवली. २०२३ मध्ये टेड तुरुंगात वारला तोवर एकाचेही उत्तर आले नाही.

या माणसाने सांगितलं, आणि सोडलंही नाही. सांगणं म्हणजे नातं तोडणं, असं आपण उगीच धरून चालतो.

अंगुलिमालाची कथा आपण सगळे ऐकतो. अट्ठकथेत तिला एक पदर आहे. राजा प्रसेनजित सैन्य घेऊन निघणार हे कळताच अंगुलिमालाची आई नवऱ्याला म्हणते, जा, पोराला घेऊन या. तो जायला धजत नाही. मग ती एकटी अरण्यात निघते. तिची माया खोटी नव्हती, पण तिच्या जाण्याने पुढचं बोट तिचंच कापलं जायची वेळ आली. तथागत मध्ये उभे राहिले. तो बदलला, भिक्खू झाला, तरी भिक्षेला गेला की दगड खाऊन, डोकं फुटून परत यायचा, आणि भगवंत त्याला सोसायलाच सांगत. विनयपिटकात, महावग्गात, पुढचं आहे. लोकांनी तक्रार केल्यावर भगवंतांनी नियम केला: नामचीन दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये, कारागृह फोडून आलेल्याला देऊ नये, राजाने ज्याचे नाव लिहून ठेवले आहे त्याला देऊ नये. चीवर हे लपायचं पांघरूण होऊ दिलं नाही.

आता कामाचं बोलते. आधी ज्याला धोका आहे त्याला, विशेषतः लेकराला, त्या घरातून हलवा. मग वकील गाठा. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि अटकेतली माणसे यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो; १५१०० या क्रमांकावर विचारता येते. लेकराची गोष्ट असेल तर १०९८. त्याला हजर करायचं तर वकिलासोबत, दिवसाउजेडी, घरचे दोघेजण बरोबर घेऊन करा. अटकेनंतर २४ तासांत न्यायाधीशांसमोर उभा करतात की नाही, वैद्यकीय तपासणी होते की नाही, तिकडे डोळे लावून बसा. आणि नंतर मुलाखतीला जा. लोक बोलतील, बोलू द्या.

कार्यक्रमानंतर मी ग्रंथालयाच्या खोलीत थोडा वेळ थांबणार आहे. ज्या भगिनींना काही विचारायचं असेल त्यांनी यावं. "माझ्या एका ओळखीच्या बाईचं असं झालंय" म्हणून विचारलं तरी चालेल. जयभीम, नमो बुद्धाय.